आधी फुगे वाचा, मग चेहरे पाहा: १८०० ते १८४० मधली अमेरिकन राजकीय अर्कचित्रे कशी वाचायची

वर्तमानपत्रातले व्यंगचित्र आपण चहाचा घोट घेता घेता पाहतो आणि पान उलटतो. त्याच सवयीने १८१४ सालचे अमेरिकन अर्कचित्र पाहायला गेलात तर हाती काही लागत नाही. कागदभर माणसे, प्रत्येकाच्या तोंडातून निघालेला ऐसपैस फुगा, फुग्यात मुंगीएवढी अक्षरे, आणि हसायचे नेमके कुठे याचा पत्ता नाही. नवखा वाचक तिथेच कंटाळतो. त्या काळी चेहरा हुबेहूब उतरवण्यावर चित्रकाराची भिस्त फार कमी होती, सगळा भर मजकुरावर असे. म्हणून ही चित्रे अग्रलेख वाचावा तशी सावकाश, तारीख समोर ठेवून वाचावी लागतात. ते कसे, ते आता एकेक पायरीने पाहू.

पहिली पायरी: चित्र मोठे करून घ्या

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे या चित्रांचा मोठा साठा आहे. त्यातली बरीच चित्रे तिच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. सर्वात मोठी फाइल उतरवा. फोनवर पाहू नका, फुग्यातली अक्षरे लागणार नाहीत. शोधताना चित्राचे इंग्रजी नाव टाका. नावे लांबलचक असतात, पण त्यातले दोन-तीन शब्द पुरतात.

सुरुवातीला विल्यम चार्ल्सचे ‘द हार्टफर्ड कन्व्हेन्शन ऑर लीप नो लीप’ (हार्टफर्डची परिषद, किंवा उडी मारू की नको) घ्या. चार्ल्स मूळचा स्कॉटलंडचा. १८०६ च्या सुमारास तो अमेरिकेत आला, आधी न्यूयॉर्कला आणि मग फिलाडेल्फियात राहिला आणि १८२० मध्ये वारला. १८१२ ते १८१५ च्या ब्रिटनविरुद्धच्या युद्धात त्याचा हात सर्वात जोरात चालला. रचना आणि धाटणी त्याने लंडनच्या जेम्स गिलरेकडून बेधडक उचललेली आहे, आणि त्या काळी त्याचे कुणाला फारसे वावगेही वाटत नसे.

दुसरी पायरी: खालची कड तपासा

चित्राकडे पाहण्याआधी अगदी तळाची बारीक ओळ वाचा. चित्रकाराच्या नावापुढे ‘डेल’ असेल तर रेखाटन त्याचे, ‘स्कल्प’ असेल तर पत्र्यावरचे कोरीवकाम त्याचे. दोन्ही असेल तर सगळे एकाच माणसाने केले आहे. बऱ्याच चित्रांवर ‘काँग्रेसच्या कायद्यानुसार अमुक साली नोंदवले’ अशी ओळ सापडते. १८०२ च्या कायद्याने छापील चित्रांनाही स्वामित्वहक्क मिळाला, तेव्हापासूनची ही पद्धत. तुमच्यासाठी ही ओळ म्हणजे आयती तारीख आहे.

तारीख नसेल तर छपाईची पद्धत पाहून अंदाज बांधता येतो. सुरुवातीच्या दशकांतली सुटी चित्रे बहुधा एचिंग पद्धतीची असतात. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देऊन त्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि मग आम्लाने त्या खोल करायच्या. मूळ प्रतीत कागदावर पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला दिसतो. छापताना सगळे उलटे उमटत असल्याने कलावंताला फुग्यांतली अक्षरेही उलटीच लिहावी लागत. १८१९ मध्ये अमेरिकेत शिळाछापाचा पहिला नमुना प्रसिद्ध झाला आणि १८३० नंतर राजकीय चित्रांत शिळाछापाचेच राज्य आले. त्यात पत्र्याचा दाब नाही आणि रेघ खडूसारखी मऊ असते. जुन्या घरांत शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या पाहिल्या असतील तर पोत लगेच ओळखाल. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग काढले ते १८३१ चे, म्हणजे न्यूयॉर्क-फिलाडेल्फियात या चित्रांना ऊत आला तेव्हाचेच.

तिसरी पद्धत लाकडी ठशाची. ठसा छपाईच्या शिशाच्या खिळ्यांबरोबर एकाच पानात बसतो, म्हणून वर्तमानपत्राच्या रकान्यात चित्र दिसले तर ते बहुधा ठशाचे. एचिंग आणि शिळाछाप मात्र सुट्या कागदावर येत. दुकानाच्या काचेत टांगलेले चित्र लोक रस्त्यावरून पाहत आणि पटले तर विकत घेत.

तिसरी पायरी: फुगे उतरवून काढा

ही पायरी टाळू नका. वही घ्या आणि प्रत्येक फुग्यातला मजकूर शब्दशः लिहून काढा. शुद्धलेखनाच्या चुका सुधारू नका, त्यातल्या काही मुद्दाम केलेल्या असतात. फुग्यांना ठरलेला क्रम नसतो, म्हणून सर्वात उंचावर किंवा सर्वात कडेला जो बोलतो आहे त्याच्यापासून सुरुवात केलेली बरी.

‘लीप नो लीप’मध्ये उंच कड्यावर तीन माणसे आहेत: मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड ही तीन राज्ये. मॅसॅच्युसेट्स बाकीच्या दोघांना कड्याच्या टोकाकडे ओढतो आहे. उडी धोक्याची आहे, पण मारायलाच हवी, असे त्याचे म्हणणे. कनेक्टिकट म्हणतो, मला अजून थोडी प्रार्थना आणि उपास करू दे, आधी धाकटा ऱ्होड उडी मारेल. ऱ्होड आयलंड हे सर्वात लहान राज्य, त्यामुळे तो आधीच रडकुंडीला आलेला. पाण्यापलीकडे इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हात पसरून बसला आहे. या माझ्या पोरांनो, मारा उडी, भरपूर मळी, भरपूर कॉड मासे, चोरटा व्यापार करायला हवा तेवढा माल, वर पदव्या आणि सरदारक्या, असे आमिष तो दाखवतो. आणि मध्यभागी, किनाऱ्यावर, एक गृहस्थ गुडघे टेकून प्रार्थना करतो आहे की ही उडी यशस्वी होवो आणि माझे गावठी नाव जाऊन मी ‘लॉर्ड ऑफ एसेक्स’ होवो.

हा गुडघे टेकलेला गृहस्थ म्हणजे टिमोथी पिकरिंग, मॅसॅच्युसेट्सचा नेता, युद्धाला विरोध करणाऱ्या फेडरलिस्ट पक्षातला कडवा. एसेक्स हा त्याचा जिल्हा. त्याच्या प्रार्थनेत ‘स्ट्राँगली’ हा शब्द येतो तो उगाच नाही, कारण मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचे आडनाव स्ट्राँग होते. असा एखादा शब्द विनाकारण ठळक किंवा तिरका दिसला की थांबा, त्याखाली बहुतेक कुणाचे तरी नाव दडलेले असते. अलेक्झांडर अँडरसनच्या कासवाच्या चित्रात, अमेरिकन सरकारच्याच १८०७ च्या व्यापारबंदीवर बोलताना, कासवाने चावा घेतलेला तस्कर ‘ओग्रॅब्मी’ म्हणून कळवळतो. हा शब्द शब्दकोशात शोधू नका. ‘एम्बार्गो’ची, म्हणजे व्यापारबंदीची, इंग्रजी अक्षरे उलटी लिहिली आहेत, एवढेच.

कड्याच्या खाली, डावीकडे, एक पदक आहे. त्यावर पेरी, मॅकडोनो, हल अशा युद्धातल्या वीरांची नावे आहेत आणि फितीवर ‘हीच ती भूमी, जी यांना सोडायची आहे’ अशा अर्थाची ओळ. घाईत पाहणाऱ्याला हे पदक दिसतच नाही, पण चार्ल्सचा सारा राग तिथे आहे.

चौथी पायरी: त्या महिन्याची बातमी शोधा

हार्टफर्डची परिषद १५ डिसेंबर १८१४ ला सुरू झाली आणि ५ जानेवारी १८१५ ला संपली. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि त्याच्या शेजारच्या ईशान्येकडल्या राज्यांच्या, व्यापाऱ्यांना युद्धाने आणि त्याआधीच्या व्यापारबंदीने बुडवले होते, तो असंतोष तिथे एकवटला. बैठका बंद दाराआड झाल्या, त्यामुळे हे लोक देशातून फुटून निघणार अशी कुजबुज सगळीकडे पसरली. चार्ल्सने ती कुजबुज उचलली आणि थेट उडीच दाखवली.

प्रत्यक्षात परिषदेने फुटून निघण्याचा ठराव केला नाही. राज्यघटनेत दुरुस्त्या सुचवल्या, तक्रारी मांडल्या. आणि पिकरिंग? तो तर परिषदेचा प्रतिनिधीही नव्हता. मग चित्राच्या मध्यभागी तो कसा? कारण फुटीची भाषा तो वर्षानुवर्षे बोलत होता आणि ग्राहकाला त्याचे नाव माहीत होते. चित्र काय आरोप करते आणि घडले काय, हे दोन रकान्यांत लिहिण्याची सवय इथूनच लावून घ्या. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली खरी गंमत त्या दोन रकान्यांमधल्या अंतरात आहे. शांततेचा तह तर २४ डिसेंबरलाच गेंटमध्ये झाला होता, पण बातमी समुद्र ओलांडून यायला आठवडे लागले. परिषदेचे दूत मागण्या घेऊन वॉशिंग्टनला पोचेपर्यंत तह आणि न्यू ऑर्लिन्सचा विजय या दोन्ही बातम्या येऊन थडकल्या. फेडरलिस्ट पक्षाची शोभा झाली आणि त्यातून तो पुन्हा सावरला नाही.

बातमी माहीत नसेल तर विनोद कसा हातचा निसटतो, याचा आणखी एक मासला पाहा. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिश जहाजांनी आजच्या व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहराकडून माल उकळला. चार्ल्सच्या चित्रात बैलाच्या तोंडाचा जॉन बुल सगळे पीठ, सगळी तंबाखू, सगळी जहाजे मागतो, पण ‘पोर्टर’ आणि ‘पेरी’ तेवढे नको, त्यांचा आधीच भरपूर अनुभव घेतला आहे, असे बजावतो. पोर्टर ही काळी बिअर आणि पेरी हे नासपतीचे मद्य, हे खरेच. पण डेव्हिड पोर्टर आणि ऑलिव्हर पेरी हे अमेरिकन आरमाराचे कप्तानही होते, आणि पेरीने १० सप्टेंबर १८१३ ला ईरी सरोवरावर ब्रिटिशांचा सगळा ताफा ताब्यात घेतला होता. गुडघे टेकून गयावया करणारे शहरवासीही चार्ल्सने सोडलेले नाहीत. शत्रूला एक टोला आणि आपल्याच भित्र्यांना दोन, असा त्याचा हिशेब.

पाचवी पायरी: नकाशा शेजारी ठेवा

ही पायरी एकाच चित्रापुरती, पण ते चित्र टाळता येत नाही. २६ मार्च १८१२ च्या ‘बोस्टन गॅझेट’मध्ये एक राक्षस छापून आला: पंख, नखे आणि दात असलेला, वळणदार मानेचा. नाव ‘द गेरी-मँडर’. रेखाटन एल्केना टिस्डेलच्या नावावर मांडले जाते. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याने ज्या कायद्यावर सही केली, त्याने राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ रिपब्लिकनांच्या, म्हणजे फेडरलिस्टांच्या विरोधी पक्षाच्या, सोयीने कापले होते. त्यातला एसेक्स जिल्ह्यातला मतदारसंघ इतका वेडावाकडा झाला की त्याला पंख लावले आणि सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा प्राणी, तयार झाला; गेरी आणि सॅलमँडर मिळून ‘गेरी-मँडर’.

चित्रात गावांची नावे जागच्या जागी आहेत. आजचा नकाशा उघडा आणि सेलम, लिन, अँडोव्हर, हेव्हरिल, सॉल्सबरी अशी बोट फिरवत चला. राक्षसाचे धड चित्रकाराने रचलेले नाही, सरकारी कागदावरचेच आहे. त्याने भर घातली ती पंखांची आणि नखांची. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली. गेरी स्वतः हरला, फेडरलिस्टांना सिनेटसाठी एकूण मते जास्त पडली, तरी सिनेटमध्ये रिपब्लिकन २९ आणि फेडरलिस्ट ११. म्हणजे राक्षसाने आपले काम चोख केले.

सहावी पायरी: खुणांची यादी करा, पण भलत्या खुणा शोधू नका

जॉन बुल म्हणजे इंग्लंड. ब्रदर जोनाथन म्हणजे साधा पण बेरकी अमेरिकन. काठीवरची मऊ टोपी म्हणजे स्वातंत्र्य. गरुड म्हणजे देश. अंकल सॅमचे नाव १८१२ च्या युद्धात रुळले, तरी चित्रांत तो १८३० नंतरच धड दिसू लागतो, आणि त्यालाही ती पांढरी दाढी नसते. रिपब्लिकन पक्षाचा हत्ती इथे शोधू नका, तो थॉमस नास्टने १८७४ मध्ये आणला. शिवाय १८१२ चे रिपब्लिकन आणि आजचे रिपब्लिकन यांचा एकमेकांशी संबंध नाही. इथे नवखे हमखास फसतात.

माणसे ओळखायला वस्तू पाहा. उभे ताठ केस, लांबट चेहरा, हातात काठी, कुठेतरी चष्मा नाहीतर चिलीम, की तो अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन. बुटका, टकलाकडे झुकलेला, गालमिशावाला, बहुधा कोल्ह्या-उंदराच्या अंगाचा तो मार्टिन व्हॅन ब्युरन. उंच टोपीवाला श्रीमंत म्हणजे युनायटेड स्टेट्स बँकेचा प्रमुख निकोलस बिडल.

या खुणा घेऊन आता १८३१ चे ‘द रॅट्स लीव्हिंग अ फॉलिंग हाउस’ उघडा. एडवर्ड विल्यम्स क्ले याचे हे काम. मोडत्या खुर्चीत जॅक्सन, शेजारी ‘सुधारणेची वेदी’ कोसळते आहे, राजीनाम्याचे कागद उडताहेत, आणि पायांशी माणसाच्या तोंडाचे चार उंदीर: ईटन, ब्रँच, इंगहॅम आणि व्हॅन ब्युरन. एप्रिल १८३१ मध्ये मंत्रिमंडळ फुटले त्याचे हे चित्र. भांडण वरकरणी युद्धमंत्री ईटनच्या बायकोवरून होते. बाकीच्या मंत्र्यांच्या बायका पेगी ईटनला आपल्यात घ्यायला तयार नव्हत्या आणि जॅक्सनने तो आपला अपमान मानला. आतून मात्र पुढचा अध्यक्ष कोण, ही ओढाताण चालू होती.

आता पायांकडे पाहा. तीन उंदीर मोकळे पळताहेत. व्हॅन ब्युरनची शेपटी मात्र जॅक्सनच्या बुटाखाली आहे. जॅक्सनला तो हवा होता, सोडायचा नव्हता. पुढे तो उपाध्यक्ष आणि मग अध्यक्ष झाला, म्हणजे चित्रकाराने त्या वसंत ऋतूतच बरोबर ताडले होते. व्हॅन ब्युरनच्या मुलाला कुणी विचारले की वडील न्यूयॉर्कला कधी परतणार, तर तो म्हणाला, अध्यक्षांनी पाय उचलला की, असे सांगतात. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्सने रोजनिशीत लिहून ठेवले आहे की फिलाडेल्फियात एका दिवसात या चित्राच्या २,००० प्रती खपल्या आणि १०,००० छापल्या आहेत. आकडा मोठा आहे, पण तो जॅक्सनकडून हरलेल्या माणसाच्या लेखणीतून आला आहे, हेही वहीत टिपून ठेवा.

सातवी पायरी: चित्र कुणाच्या बाजूने, ते चित्रकाराच्या नावावरून ठरवू नका

१८३३ चे ‘द डाउनफॉल ऑफ मदर बँक’ जॅक्सनची बाजू घेते. सरकारी पैसा बँकेतून काढण्याचे आज्ञापत्र उंचावून तो उभा आहे, बँकेचे खांब कोसळताहेत, बिडल पळत सुटला आहे. १८३७ चे ‘द टाइम्स’ त्याच जॅक्सनच्या धोरणाची लक्तरे काढते. दोन्हीचा प्रकाशक न्यूयॉर्कचा एच. आर. रॉबिन्सन आणि दोन्हींचा चित्रकार क्लेच मानला जातो. धंदा होता तो, गिऱ्हाईक दोन्ही बाजूंना होते.

आठवी पायरी: जे खटकते ते वगळू नका

जेम्स अकिनने १८०४ च्या सुमारास काढलेल्या ‘अ फिलॉसॉफिक कॉक’मध्ये थॉमस जेफरसन कोंबडा आहे आणि त्याच्या मागची कोंबडी म्हणजे सॅली हेमिंग्ज, त्याच्या मालकीची गुलाम स्त्री. टोमणा जेफरसनला होता, किंमत चुकवली ती जिला उत्तर द्यायची सोयच नव्हती तिने. याच क्लेने फिलाडेल्फियातल्या स्वतंत्र काळ्या नागरिकांच्या कपड्यांची आणि बोलण्याची टर उडवणारी एक आख्खी मालिका काढली आणि ती धडाक्याने खपली. डेव्हिड क्लेपूल जॉन्स्टनच्या १८२८ च्या चित्रात जॅक्सनचा चेहरा प्रेतांनी जुळवलेला आहे, खाली ‘तिसरा रिचर्ड’ नाटकातली ओळ. नेपोलियनच्या अशाच एका जर्मन चित्रावरून ही कल्पना घेतली होती. जॅक्सनने मारवलेल्या सैनिकांचा आणि मूलनिवासींचा हा आठव निवडणुकीच्या वर्षातच आला. दोन वर्षांनी मूलनिवासींना हुसकावणारा कायदा जॅक्सनने मंजूर करून घेतला. कलाकुसरीचे कौतुक करताना ही चित्रे बाजूला सारणारे संग्राहक मला तरी पटत नाहीत.

आता स्वतः एक चित्र घ्या

‘द टाइम्स’च घ्या, आणि आधी कुठलेही स्पष्टीकरण वाचू नका. ४ जुलै १८३७, स्वातंत्र्यदिनाचा बाजार. १० मेला न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे बंद केले होते. गर्दी, अनवाणी कारागीर, दारुडे, भीक मागणारी आई, गहाणवटीचे दुकान असे सगळे एकाच रस्त्यावर कोंबले आहे. गहाणवट्याच्या पाटीवर ‘शायलॉक’ हे शेक्सपियरच्या ज्यू सावकाराचे नाव आहे, म्हणजे आठवी पायरी इथेही लागते.

मग दोन पाट्या शोधा. बँकेवर लिहिले आहे: इथे नाणे मिळणार नाही. जकात कचेरीवर लिहिले आहे: सर्व देणी नाण्यातच भरावीत. त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचा आणि वहीत लिहा की लोक का भडकले असतील. ते लिहून झाल्यावरच वर आकाशाकडे पाहा. तिथे सूर्याच्या जागी एक टोपी, एक चष्मा आणि एक चिलीम तळपते आहे. त्यांचा मालक मार्चमध्येच कारकीर्द संपवून टेनेसीला घरी गेला होता.